बालवाडीच्या ताईंनी पुढचा कोर्स कुठला करावा?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांचं वय ३४, शिक्षण बी.कॉम., राहायला इचलकरंजीजवळ. सहा वर्षांपासून एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला शिकवतात. नोकरी लागल्यावर त्यांनी दहा महिन्यांचा नर्सरी टीचर ट्रेनिंगचा कोर्स केला. पगार ८,५०० रुपये. त्या लिहितात, "माझ्यानंतर आलेल्या डी.एड. झालेल्या मॅडमना माझ्याहून जास्त पगार आहे आणि वर्ग कसा सांभाळायचा हे त्या मलाच विचारतात. मी माँटेसरी करू, बी.एड. करू की आणखी एखादा डिप्लोमा? पुढे सुपरवायझर व्हायचंय, नाहीतर स्वतःची बालवाडी काढायचीय. पैसे एकदाच घालू शकते, त्यामुळे चूक परवडणार नाही."

ताई, मी १९९८ साली बालवाडीत लागले. पुढे शिशुवर्गाची समन्वयिका झाले आणि गेली काही वर्षं नव्या शिक्षिकांना प्रशिक्षण देते. नेमणुकीच्या मुलाखतींना टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. त्यामुळे तुमचं शेवटचं वाक्य मला आतपर्यंत कळलं. पण कोर्सकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू दे. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. आहे त्या क्षेत्रात वर चढायचं, नियमाने भरल्या जाणाऱ्या जागेवर जायचं, की स्वतःचं काही उभं करायचं. प्रत्येक वाटेला लागणारा कागद निराळा. एकीसाठी घेतलेला कागद दुसरीकडे कुणी हातातही घेत नाही. आणि तुमची सहा वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत, हे या तिन्हींच्या मुळाशी आहे. त्याकडे मी नंतर येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे.

इतका गोंधळ का आहे ते आधी समजून घ्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. ३ ते ६ वयाबद्दल त्यातल्या कलम ११ मध्ये एवढंच आहे की सरकार पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करू शकतं. 'करू शकतं', 'केलीच पाहिजे' असं नाही. त्यामुळे पहिलीच्या शिक्षकाला पात्रतेची जशी सक्त अट आहे, तशी खासगी बालवाडीच्या ताईंना प्रत्यक्षात कुणी लावलीच नाही. बारावी झालेली, एम.ए. झालेली, काहीच न केलेली, सगळ्या एकाच वर्गात शिकवताना दिसतात. आणि शिकवायला अट नाही म्हटल्यावर शिकवायला शिकवणाऱ्यांनाही नाही. गल्लोगल्ली सहा महिन्यांचे, दहा महिन्यांचे कोर्स निघाले ते त्यातूनच.

अट अजिबातच नाही असं मात्र समजू नका. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.टी.ई.ने, पूर्वप्राथमिक शिक्षकाची पात्रता ठरवलेली आहे: बारावीला ५० टक्के आणि परिषदेची मान्यता असलेली, किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, किंवा बी.एड. नर्सरी. खासगी शाळा ही अट क्वचितच पाहतात. पण केंद्रीय विद्यालयांनी २०२२ पासून बालवाटिका, म्हणजे पूर्वप्राथमिक वर्ग, सुरू केल्या, तिथे याच धर्तीची पात्रता मागितली जाते. तुमच्या दहा महिन्यांच्या कोर्सवर तिथे अर्ज टिकणार नाही. एक वर्षाच्या पदविकेवरही नाही. तो कोर्स वाईट होता असं मी म्हणत नाही, फक्त ही वाट त्याच्याने उघडत नाही.

बी.एड.चा विचार तुमच्या मनात का आला असेल तेही कळतं. आपल्याकडे 'बी.एड. झालेल्या' म्हटलं की संस्थाचालकांचा सूर बदलतो. पण नेहमीचं बी.एड. (वर सांगितलेलं नर्सरीचं नव्हे) आहे वरच्या वर्गांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे प्राथमिकची पदविकाच हवी. पहिलीला जे चालत नाही ते साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी तरी कसं उपयोगी पडेल? दोन वर्षांच्या त्या अभ्यासात किशोरवय, विषयांच्या अध्यापनपद्धती, मूल्यमापन हे सगळं येतं. आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाशी पहिल्या आठवड्यात काय करायचं, ते त्यात सापडणार नाही. एका बाबतीत बी.एड. उपयोगी पडतं: मोठ्या शाळेत सगळ्या विभागांची मिळून मुख्याध्यापिका व्हायचं असेल तर. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवते.

आता डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, तुमच्या सहकारी मॅडमनी केलेलं जुनं डी.एड. याबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. पूर्वी मी म्हणायचे की लहान मुलांच्या ताईंना त्याचा उपयोग नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरला: बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला. ज्या शाळा हे मनावर घेताहेत त्यांना छोट्या शिशूपासून दुसरीपर्यंत कुठेही उभी राहू शकेल अशी शिक्षिका हवी असते. तुमच्या मॅडमना जास्त पगार मिळतो त्याचं एक कारण हेही असू शकतं की गरज पडली तर शाळा त्यांना पहिलीचा वर्ग देऊ शकते आणि तुम्हाला देऊ शकत नाही. अन्याय वाटतो, पण शाळेच्या बाजूने पाहिलं तर हिशेब असा आहे. अडचण एवढीच की डी.एल.एड. दोन वर्षं कॉलेजला नियमित जाऊन करावं लागतं. नोकरी सोडावी लागेल. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं तर पुढे टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती. घरातून दोन वर्षं साथ असेल, मुलं थोडी मोठी असतील, तर ३४ व्या वर्षी हे करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साथ नसेल तर अर्धवट सुटतं, आणि अर्धवट सुटलेल्या कोर्सचे पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. हे तुमच्या घरावर अवलंबून आहे, मी बाहेरून सांगू शकत नाही.

माँटेसरीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. 'माँटेसरी' हे नाव कुणीही वापरू शकतं. दाराबाहेर पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. ही पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरींनी स्वतः १९२९ साली स्थापलेल्या असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनलचा, म्हणजे ए.एम.आय.चा, ३ ते ६ वयोगटाचा डिप्लोमा वेगळा आणि रविवारी चार तास बसवून दिलेलं प्रमाणपत्र वेगळं. ए.एम.आय.च्या कोर्समध्ये प्रत्येक साधन स्वतः हाताळायचं, त्याचं सादरीकरण पुन्हा पुन्हा करायचं, सगळ्या सादरीकरणांच्या वह्या स्वतः लिहायच्या, तासन्‌तास वर्गात गप्प बसून मुलांचं निरीक्षण करायचं. तिथून आलेल्या शिक्षिकेचा हात पाहिला की कळतं. ती गालिचा अंथरते तेव्हाच कळतं. पण तो महागडा आहे, मोठ्या शहरात राहून करावा लागतो, आणि त्याची खरी किंमत माँटेसरी पद्धतीच्या शाळांतच होते. तुमच्या आसपास तशी शाळा नसेल तर परत येऊन तुम्ही त्याच केजीत त्याच वर्कशीट भरून घेणार. म्हणून आधी शाळा शोधा, मग कोर्स.

आपल्याकडे या पद्धतीचा वारसा फार मोठा आहे, तो विसरू नका. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आलाय. मुलाखतीत मला एखादी उमेदवार सांगते की आमच्या शाळेत साधनं नव्हती म्हणून काही करता आलं नाही, तेव्हा मला बोर्डी आठवते.

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर इतर वाचणाऱ्या ताईंसाठी दोन ओळी. महाराष्ट्रात सेविकेसाठी आता बारावीची अट आहे, वयोमर्यादा ३५ आणि स्थानिक रहिवासी असणं गरजेचं. पगार नाही, मानधन. पण मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, निम्म्या जागा अनुभवी सेविकांमधून बढतीने भरायचं केंद्राचं धोरण आहे, बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर. म्हणून सेविका असाल आणि पदवी झाली नसेल, तर तुमच्यासाठी कुठल्याही खासगी कोर्सपेक्षा मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करणं महत्त्वाचं आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगते. २००१ साली मी पुण्यातल्या एका संस्थेचा नऊ महिन्यांचा कोर्स केला. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, संस्थेच्या नावात 'राष्ट्रीय' होतं. फीसाठी मी पाटल्या मोडल्या होत्या. तीन वर्षांनी एका चांगल्या शाळेत मुलाखतीला गेले. तिथल्या बाईंनी ते प्रमाणपत्र पाहिलं, विचारलं, "याला मान्यता कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही. पत्त्यावर जाऊन आले तर तिथे कापडाचं दुकान होतं. त्या दिवशी बसस्टँडवर बसून मी रडले. पण तेव्हापासून एक सवय लागली. कोर्स घेण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. मान्यता नेमकी कुणाची, आणि त्या मान्यता देणाऱ्याच्या यादीत या संस्थेचं नाव मला स्वतःला दिसतं का? आय.एस.ओ. म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे, संस्थेची नोंदणी म्हणजेही नव्हे. मुलांच्या वर्गात किती दिवस उभं करणार? आणि मला जिथे जायचंय त्या शाळेने हे प्रमाणपत्र असलेल्या कुणाला घेतलंय का? तिसरा प्रश्न सरळ त्या शाळेत फोन करून विचारायचा. सांगतात.

त्यानंतर मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका केली, नोकरी सांभाळून. आजही तुमच्यासारख्या ताईंना मी पहिल्यांदा हीच सुचवते. बारावीवर प्रवेश मिळतो, किमान एक वर्ष लागतं, हिंदी किंवा इंग्रजीतून करता येते आणि खासगी कोर्सांच्या मानाने फी बरीच कमी आहे. तीन भाग अभ्यासाचे: बालसेवा केंद्र कसं चालवायचं, आरोग्य आणि पोषण, मुलांसाठीच्या सेवा आणि योजना. चौथा भाग प्रकल्पाचा, त्यात प्रत्यक्ष मुलांबरोबर काम करून लिहायचं असतं. मी वर सांगितलेली दोन वर्षांची अट याने पूर्ण होत नाही, हे डोळे उघडे ठेवून लक्षात घ्या. पण खासगी शाळेत पर्यवेक्षिका व्हायला आणि स्वतःची बालवाडी नीट चालवायला यातलं ज्ञान थेट कामाला येतं.

पैशांचा हिशेबही मांडूया. समजा एखादा कोर्स ६०,००० रुपयांचा आहे आणि त्यानंतर पगार महिन्याला १,००० ने वाढला. फी वसूल व्हायलाच ६० महिने, म्हणजे पाच वर्षं. तुमचा आजचा पगार पाहता सात महिन्यांची कमाई एका कोर्समध्ये घालायची, तर शाळा काय वाढ देणार हे आधी विचारायला अजिबात संकोचू नका. "मी अमुक पदविका पूर्ण केली तर पद आणि पगार काय होईल?" असं संस्थेला विचारा. उत्तर गोलमाल आलं तर तो कोर्स त्या शाळेसाठी करायचा नाही, पुढच्या शाळेसाठी करायचा.

आता त्या सहा वर्षांकडे येते.

मी ज्या मुलाखतीतून समन्वयिका झाले, तिथे माझ्याकडे इग्नूची पदविका होती, तशी आणखी दोघींकडे होती. फरक पडला तो एका वहीमुळे. लांबट, निळ्या कव्हरची हजेरीवही होती, तिच्यात मी मुलांच्या नोंदी ठेवायचे. आमच्या वर्गात एक मुलगा होता, चार वर्षांचा. पेन्सिल धरायचा नाही. आई रोज विचारायची, "लिहायला कधी लागेल?" मी सहा आठवडे त्याच्या नोंदी लिहिल्या. पहिल्या आठवड्यात: 'पाणी ओतताना जग दोन्ही हातांनी धरतो, बाटलीत निम्मं सांडतं, तोंड चिकटपट्टी लावल्यासारखं घट्ट मिटलेलं.' तिसऱ्या आठवड्यात: 'कणकेचे साप केले. अंगठा आणि दोन बोटांनी शेपूट टोकदार केली.' पाचव्यात: 'फरशीवर खडूने मोठे गोल, डाव्या हाताने. मी काही सुचवलं नव्हतं.' पालकसभेत मी आईला हे वाचून दाखवलं. तिला कळलं की तो लिहिण्याकडे चालतच येतोय, आणि डाव्या हाताने येतोय. घरी त्याचा डावा हात कुणीतरी आवरत होतं, तेही तेव्हाच बाहेर आलं. मुलाखतीतल्या मुख्याध्यापिका ती वही पंधरा मिनिटं वाचत बसल्या होत्या. प्रमाणपत्रांची फाइल त्यांनी नंतर उघडली.

आता तर राष्ट्रीय आराखडाच म्हणतो की या वयात मूल्यमापन दोनच मार्गांनी करायचं: मुलाचं निरीक्षण करून आणि त्याने केलेल्या वस्तू, चित्रं यांचा अभ्यास करून. म्हणजे ही वही आता हौस राहिलेली नाही, कामाचा भाग आहे, आणि ती नीट ठेवता येणाऱ्या शिक्षिका फार थोड्या आहेत. मी प्रशिक्षणात वह्या तपासते तेव्हा दहातल्या सात जणींनी 'हुशार आहे पण चंचल आहे' असं लिहिलेलं असतं. हे मत झालं. तारीख, कुठे, मुलाने काय केलं, काय बोललं, तेवढंच लिहा. मत शेवटी, वेगळ्या शाईने. आठवड्याला तीन मुलं घेतलीत तरी वर्षभरात सगळा वर्ग होतो. पुढच्या मुलाखतीला जाताना मुलांची नावं झाका आणि पाच-सहा पानं बरोबर न्या. सहा महिन्यांत आपण कुठे बदललो, हेही त्यात दिसतं. तुम्हाला नवख्या मॅडम विचारायला येतात ना? त्यांना काय सांगितलं, त्यांच्या वर्गात काय फरक पडला, तेही लिहा. पर्यवेक्षिकेचं काम तेच असतं आणि तुम्ही ते पदाशिवाय आधीच करताय.

तर तुमच्या बाबतीत मी काय करेन? नोकरी न सोडता जुलैच्या सत्राला इग्नूची पदविका घेईन आणि आजपासून वही सुरू करेन. वर्षभराने घरची साथ आणि स्वतःची ओढ पाहून ठरवेन. नियमाच्या जागेवर जायचं असेल तर परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पूर्वप्राथमिकची पदविका किंवा डी.एल.एड., जे जवळ आणि खरं मिळेल ते. स्वतःची बालवाडी काढायची असेल तर आणखी कोर्समध्ये पैसे न घालता ते जागेच्या भाड्यासाठी ठेवेन, आणि त्याआधी एखाद्या चांगल्या बालवाडीत सहा महिने काम करेन, अगदी कमी पगारावरसुद्धा. फी कशी जमा होते, मावशींची सुट्टी पडली की काय होतं, पावसाळ्यात पटसंख्या कशी गळते, हे तिथेच कळतं. बी.कॉम. असल्यामुळे हिशेबाची बाजू तुमची आधीच पक्की आहे, ती कमी लेखू नका.

आणि एक काम कोर्सच्याही आधी, याच महिन्यात. शाळेकडून अनुभव प्रमाणपत्र मागा. नोकरी सोडताना मागितलं तर संबंध ताणलेले असतात, चालू नोकरीत मागितलं तर सहसा देतात. खासगी शाळांत नेमणूकपत्रच नसतं, पगार रोख असतो, आणि मग सहा वर्षांचा काही पुरावाच राहत नाही. मजकूर तुम्हीच लिहून न्या, कार्यालयातल्यांना तेवढं सोपं जातं. 'सौ. अमुक या आमच्या शाळेत दि. अमुकपासून पूर्वप्राथमिक शिक्षिका म्हणून कार्यरत असून ४ ते ५ वयोगटाच्या, सुमारे इतक्या मुलांच्या वर्गाची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आहे. नवीन शिक्षिकांना मार्गदर्शन करण्याचे कामही त्या करतात.' शेवटचं वाक्य विसरू नका. सही मुख्याध्यापकांची, शिक्का आणि जावक क्रमांक हवा. दोन प्रती करून एक घरी ठेवा.